ट्रीटॉप्स : मिठाच्या ओढीने भरणारा पाणवठा

केनियातल्या ॲबरडेअर डोंगररांगेत पाण्याला तोटा नाही. वर्षाला दोन पावसाळे, माथ्यावर सततचं धुकं, २७३ मीटरवरून तीन टप्प्यांत कोसळणारा कारुरू धबधबा. नैरोबी शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्साही याच डोंगरांतून जातो. अशा ओल्याचिंब रानात एका डबक्याचं कौतुक ते काय? पण लॉजच्या सज्जात बसून, हातात चहाचा कप घेऊन रानटी जनावरं पाहण्याचा शौक जगभर पसरला तो याच रानातल्या एका डबक्याच्या काठावरून. तिथल्या लॉजचं नाव ट्रीटॉप्स.

जनावरं या डबक्यावर येतात ती तहानेपेक्षा मिठाच्या ओढीने. जिथे धो धो पाऊस पडतो तिथल्या मातीतले क्षार धुऊन जातात. अशा मातीत वाढलेल्या गवता-पाल्यात सोडियम फार थोडं असतं. बिबट्या-तरसाला ते भक्ष्याच्या रक्तामांसातून आयतं मिळतं. पाला खाणाऱ्याला मात्र ते हुडकत फिरावं लागतं. म्हणून हत्ती, रानम्हशी, हरणं खारवट मातीच्या जागा पक्क्या लक्षात ठेवतात आणि पुन्हा पुन्हा तिथे येतात. आपल्याकडे अशा जागेला चाटण म्हणतात. ट्रीटॉप्सच्या डबक्याकाठी अशी चाटण मुळातच होती. पुढे लॉजवाल्यांनी वरून मीठ ओतून ती चालू ठेवली. हत्ती सुळ्याने माती उकरतो, सोंडेने ढेकूळ उचलून तोंडात टाकतो आणि तासन्‌तास तिथून हलत नाही. तहानेला आलेलं जनावर पाच मिनिटांत पाणी पिऊन निघून जातं. मिठाला आलेलं रेंगाळतं. हॉटेलवाल्याला नेमकं हेच हवं असतं.

हे ओळखणारा हॉटेलवाला होता एरिक शेरब्रूक वॉकर. गृहस्थ मोठा वल्ली. काही काळ बालवीर चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल यांचा खासगी सचिव, पहिल्या महायुद्धात जर्मनांचा कैदी, आणि नंतर अमेरिकेत दारूबंदी असताना समुद्रमार्गे चोरटी दारू पोचवणारा. त्या उद्योगावर त्याने टोपणनावाने पुस्तकही लिहिलं. एका अर्लच्या मुलीशी, लेडी बेटीशी, लग्न करून तो केनियात आला आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस या जोडप्याने न्येरी गावात आउटस्पॅन हे हॉटेल काढलं. नैरोबीच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवरचं, विषुववृत्ताच्या अगदी जवळचं तरीही थंड हवेचं हे गाव. झाडावर खोली बांधायची कल्पना लेडी बेटीची असं सांगतात. १९३२ मध्ये मुगुमो जातीच्या एका जंगी अंजीरवृक्षावर दोन खोल्यांचं लाकडी घर उभं राहिलं. मुगुमो हे इथल्या किकुयू लोकांचं पवित्र झाड, आपल्याकडच्या वडा-पिंपळाच्या मानाचं. वॉकर दांपत्याला त्याच्याशी देणंघेणं नसावं. त्यांना फांद्या भक्कम हव्या होत्या.

सुरुवातीला तिथे आठवड्यातून एकच रात्र पाहुणे नेत. मोटारीतून उतरून रानातून पायी जायचं, सोबत बंदूकवाला शिकारी. वाटेतल्या झाडांना ठिकठिकाणी पायऱ्या ठोकलेल्या असत. गेंडा किंवा हत्ती अंगावर आला तर पाहुण्याने त्यावरून जमेल तितक्या चपळाईने वर चढायचं, अशी ही सुरक्षाव्यवस्था.

५ फेब्रुवारी १९५२ रोजी दुपारी याच वाटेने पंचवीस वर्षांची राजकन्या एलिझाबेथ पती फिलिपबरोबर चालत आली. त्या दिवशी झाडाभोवती हत्तींचा कळप जमला होता. घराच्या छपरावर धोक्याची खूण म्हणून उशीचा पांढरा अभ्रा फडकत होता. परत फिरावं की पुढे जावं, असा प्रश्न होता; राजकन्या पुढे आली, शिडीपासून थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या हत्तिणीकडे बघत वर चढली आणि लगेच चित्रीकरणाचा कॅमेरा काढून बसली. ४७ हत्ती होते, अशी नोंद तिथे हजर असलेल्या एका निवृत्त शिकाऱ्याने केली आहे. त्याचं नाव जिम कॉर्बेट.

रुद्रप्रयागच्या नरभक्षकाचा माग काढणारा कॉर्बेट इथे कसा, असं मराठी वाचकाला वाटेल. १९४७ च्या अखेरीस नैनीताल आणि कालाढुंगी सोडून कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी न्येरीला आले आणि आउटस्पॅनच्या आवारातल्या पॅक्सटू नावाच्या छोट्या बंगलीत राहू लागले. बंगली मूळची बेडन-पॉवेल यांच्यासाठी बांधलेली. त्यांचा शेवट तिथेच १९४१ मध्ये झाला. राजकन्येच्या भेटीच्या वेळी कॉर्बेट ७६ वर्षांचे होते. रात्रभर शिडीच्या तोंडाशी बंदूक घेऊन ते पहाऱ्याला बसले होते, असं सांगितलं जातं. खाली चाटणीवर गेंडे आले, तेव्हा राजकन्या वरून बघत होती. त्याच रात्री तिकडे इंग्लंडमध्ये तिचे वडील, सहावे जॉर्ज, झोपेत वारले. सकाळी ती झाडावरून उतरली तेव्हा कायद्याने राणी झाली होती, पण बातमी दुपारी, तिच्या मुक्कामाच्या सगाना लॉजवर परतल्यावर पोचली. झाडावर राजकन्या चढली आणि राणी उतरली, अशा अर्थाची कॉर्बेट यांची नोंद पुढे जगभर छापली गेली. १९५५ मध्ये कॉर्बेट गेले; न्येरीच्याच दफनभूमीत त्यांची कबर आहे. भारतातून गेलेले बरेच जण तेवढ्यासाठी न्येरीला थांबतात.

ट्रीटॉप्सची ही गोष्ट प्रत्येक माहितीपुस्तिकेत रंगवून येते. पुढच्या दोन वर्षांची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकली जाते, आणि ते खटकतं.

राजकन्या परतल्यावर आठ महिन्यांनी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, केनियात आणीबाणी जाहीर झाली. गोऱ्या वसाहतवाल्यांनी सुपीक जमिनी घेतल्यामुळे होरपळलेल्या किकुयूंनी माऊ माऊ या नावाने ओळखला जाणारा लढा सुरू केला होता आणि ॲबरडेअरचं रान हा त्यांचा मुख्य आसरा होता. याच रानावर ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले. २७ मे १९५४ रोजी बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. राजकन्येचं झाड म्हणून गाजलेलं ते अंजिराचं झाडही त्यात गेलं. बंडाचा नेता देदान किमाथी १९५६ मध्ये याच परिसरात पकडला गेला आणि पुढच्या फेब्रुवारीत फाशी गेला. आज नैरोबीच्या मध्यवस्तीत त्याचा पुतळा आहे. या लढ्याला गोव्याचाही एक धागा आहे. गोमंतकीय घराण्यातला, नैरोबीत जन्मलेला पत्रकार पियो गामा पिंटो माऊ माऊंना मदत करतो या संशयावरून १९५४ मध्येच स्थानबद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर तो खासदार झाला आणि १९६५ मध्ये नैरोबीत त्याचा खून झाला. पाणवठ्यावर बसून हत्ती पाहताना हा इतिहास आठवायलाच हवा असं नाही. पण समोरचं रान म्हणजे नुसतं निसर्गचित्र नव्हे, एवढं माहीत असलेलं बरं.

१९५७ मध्ये नवं ट्रीटॉप्स उभं राहिलं ते डबक्याच्या पलीकडच्या काठावर आणि झाडावर नव्हे, तर लाकडी खांबांवर. दोन खोल्यांच्या जागी खोल्यांच्या रांगा, गच्ची, जेवणघर, जमिनीलगत छायाचित्रकारांसाठी आडोसा. १९८३ मध्ये राणी पुन्हा येऊन गेली. तोवर या प्रकाराची लागण सगळीकडे झाली होती. ॲबरडेअरच्याच रानात १९६९ मध्ये द आर्क हे नोहाच्या नौकेच्या आकाराचं लॉज सुरू झालं. नेपाळच्या चितवनमधल्या टायगर टॉप्सचं नाव कुठून आलं, हे तर सांगायलाच नको.

या लॉजमधल्या मुक्कामाची रीत अजून बरीचशी जुनीच आहे. मोठं सामान पायथ्याच्या हॉटेलात ठेवायचं, एका रात्रीपुरती पिशवी घ्यायची, दुपारी लॉजच्या बसने रानात शिरायचं. खोल्या लहान, बोटीतल्या केबिनसारख्या. टकटक वाजणारे बूट चालत नाहीत, मोठ्याने बोलणं चालत नाही, अगदी लहान मुलांना घेत नाहीत. साडेसहा-सातला अंधार पडतो आणि डबक्यावर पिवळसर दिवे लागतात. जनावरं या उजेडाला सरावलेली आहेत. माणसाची चाहूल आणि वास मात्र त्यांना खपत नाही. सफारीच्या गाडीत माणूस जनावरामागे धावतो. इथे तो काचेआड नाही तर कठड्यामागे अडकून पडलेला असतो आणि यायचं की नाही ते जनावर ठरवतं. सफारीला चटावलेल्या मंडळींना पहिले दोन तास जड जातात.

संध्याकाळी बहुधा रानम्हशींचा कळप येतो आणि काठावर रवंथ करत बसून राहतो. बुशबक हरीण दबकत येतं, वॉटरबकचे नर एकमेकांना शिंगं दाखवतात, कातळाएवढं काळं महाकाय रानडुक्कर चिखलात लोळतं. हत्ती आले की म्हशी उठतात. वादावादी होत नाही, क्रम ठरलेला असतो. हत्ती आणि गेंडा समोरासमोर आले तर मात्र दोघंही बराच वेळ अडून राहतात, आणि पाहण्यासारखं असतं ते हेच. मध्यरात्रीनंतर ठिपक्यांचे तरस. जवादी मांजराचा भाऊबंद असलेला जेनेट थेट लॉजच्या तुळईवरून चालत जातो. बिबट्या क्वचित. रात्रभर जागणं सगळ्यांना झेपत नाही, म्हणून खोल्यांमध्ये घंटा बसवलेल्या असतात. पहाऱ्यावरचा माणूस जनावर पाहून बटण दाबतो. किती वेळा वाजली यावरून गेंडा की हत्ती की बिबट्या ते कळतं. मग पायजम्यावर स्वेटर चढवलेली माणसं सज्जात धावतात.

या व्यवस्थेची किंमत रानाने मोजली आहे. माणसं पैसे देतात म्हणून मीठ. मीठ आहे म्हणून हत्ती. आणि रोज इतके हत्ती एका जागी आले की झाडं कशी टिकणार? जुन्या छायाचित्रांत डबक्याला भिडलेलं दाट जंगल दिसतं. पुढच्या काही दशकांत ते मागे मागे सरकत गेलं आणि ट्रीटॉप्सभोवती उघडं माळरान पडलं. द आर्कची ख्याती होती बोंगोसाठी. अंगावर पांढरे पट्टे असलेलं हे तांबूस, देखणं हरीण तिथल्या चाटणीवर यायचं. आता डोंगरी बोंगो रानात जेमतेम शंभराच्या आत उरले आहेत आणि सज्जातून दिसण्याची आशा कुणी धरत नाही. काळ्या गेंड्यांची कथा याहून वाईट झाली असती. १९७० च्या सुमारास केनियात ते वीसेक हजार होते. चोरट्या शिकारीमुळे १९८० च्या दशकाच्या अखेरीस चारशेच्याही खाली आले.

त्या धक्क्यातून १९८८ मध्ये ऱ्हायनो आर्क ही संस्था निघाली आणि ॲबरडेअरला विजेचं कुंपण घालायचं काम सुरू झालं. आधी बेत होता फक्त ट्रीटॉप्सच्या बाजूचा तुकडा बंदिस्त करायचा. पण हत्ती-म्हशींनी मक्याची शेतं तुडवल्याने बेजार झालेल्या शेतकऱ्यांनीच कुंपण पुढे न्या म्हणून आग्रह धरला. २००९ मध्ये सुमारे ४०० किलोमीटरचा वेढा पूर्ण झाला. कुंपणाने हत्तींचे जुने रस्ते तुटले, ही तक्रार खरी आहे. तरीही ताडोबा किंवा मेळघाटच्या भोवतालच्या गावकऱ्याला विचारलं तर तो न्येरीच्या शेतकऱ्याच्याच बाजूने बोलेल.

विदर्भातल्या वाचकाला पाणवठ्यावरची रात्र नवी नाही. बुद्ध पौर्णिमेला ताडोबा, नागझिरा, पेंच, मेळघाटात मचाणावर बसून चांदण्यात प्राणी मोजायची पद्धत आपल्याकडे जुनी. मोजणीचं खरं काम आता कॅमेरा ट्रॅप करतात आणि वनविभाग ती रात्र निसर्गानुभव म्हणून हौशी लोकांना देतो. या रात्रीत आणि ट्रीटॉप्सच्या रात्रीत फरक मिठाचा. वैशाखात आपल्याकडचे नाले आटलेले असतात, पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि वाघापासून भेकरापर्यंत सगळ्यांना त्या एका पाणवठ्याखेरीज गत नसते. नामिबियाच्या इटोशामधला ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा याच जातीचा. कोरड्या ऋतूत तिथे दिव्याच्या उजेडात काळे गेंडे पाणी प्यायला येतात. तिथला निसर्ग प्रेक्षकाला भुलवत नाही, जनावर का आलं ते उघड दिसतं. ट्रीटॉप्सला नाटक थोडं रचलेलं आहे. नट मात्र अस्सल आहेत, आणि इतक्या जवळून, इतका वेळ हत्तींचं कुटुंब आपल्या मचाणावरून पाहायला मिळणार नाही.

जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते सप्टेंबर हे महिने बरे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, पुढे न्येरीपर्यंत रस्त्याने तीनेक तास. केनियाने २०२४ पासून व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवासपरवाना सुरू केला आहे. भारतातून जाणाऱ्याने पीतज्वराची लस घेतल्याचं कार्ड जवळ ठेवावं, परतीच्या विमानतळावर ते लागतं. ट्रीटॉप्सला कोविडच्या काळात टाळं लागलं होतं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राणी वारली तेव्हाही ते बंदच होतं; म्हणून तिकिटं काढण्याआधी मुक्कामाची खात्री करून घ्यावी, आणि तिथे जागा नसेल तर द आर्कमध्ये विचारावं. आफ्रिका म्हणजे उकाडा, असं समजून जाऊ नका. ही जागा सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. रात्री सज्जात बसायचं तर जाड स्वेटर, कानटोपी आणि रबरी तळाचे बूट घेऊन जा.