सागरी उद्यानाला जाताना : आधी ओहोटी पाहा

सहलीला निघताना आपण गाडीचे वेळापत्रक पाहतो. पण कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर आणखी एक वेळापत्रक आधी पाहावे लागते. ते म्हणजे समुद्राचे!

गुजरातमध्ये जामनगरच्या किनाऱ्यालगत १९८२ साली स्थापन झालेले हे भारतातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवाळ पाहायला एरवी पाण्यात बुडी मारावी लागते. येथे मात्र वाडीनारजवळच्या नरारा येथे ओहोटीला समुद्राचा उथळ तळ उघडा पडतो. त्यावरून चालत जाऊन प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे आणि नशिबात असेल तर ऑक्टोपसही पाहता येतो.

काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना तेथे घेऊन गेलो आणि चांगलाच फसलो. मी कोकणातला. 'तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ' हा हिशेब लहानपणीच शिकलेला. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती; त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. या हिशेबाने अष्टमीची ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते. मुलांना सोयीची वेळ म्हणून मी अष्टमी निवडली. बाराला पोचलो, तर पाणी अजून ओसरतच होते! ते ओसरून ओसरून गुडघ्याशी येऊन थांबले. गढूळ पाण्याखालचे काहीच दिसेना.

चूक कोठे झाली? एक नव्हे, दोन चुका झाल्या.

पहिली चूक तिथीची. भरती चंद्राप्रमाणे सूर्यामुळेही येते. सूर्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे परिणाम एकमेकांत मिळतात. तेव्हा उधाणाची भरती येते आणि ओहोटीला पाणीही खूप खाली जाते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात. ही भांगाची भरती. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मी वेळ पाहिली, पण पाणी किती उतरेल हे पाहिलेच नाही.

दुसरी चूक स्थळाची. कच्छचे आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. मुखाशी ओख्याला भरती आल्यानंतर ती आत कांडल्याला पोचायला वेळ लागतो आणि जाताना तिची उंचीही वाढते. कोकणातला हिशेब तेथे जसाच्या तसा कसा चालेल?

म्हणून बेत आखताना अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा. त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात दिवसाउजेडी येणारी ओहोटी शोधा. वनखात्याची परवानगी घ्या, स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरून मागे सरणाऱ्या पाण्यामागून चाला. कोष्टकातली ओहोटीची वेळ झाली की परत फिरा, मग समोर काहीही दिसत असो!

इतकी घाई कशाला? हिशेब करून पाहा. पाणी चढण्याच्या सहा तासांत दर तासाची वाढ साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांत होते. भरती-ओहोटीतला फरक ५ मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी सुमारे ४० सेंटिमीटर चढेल. तिसऱ्या तासात सव्वा मीटर! सुरुवातीच्या संथपणामुळे माणूस गाफील राहतो. शिवाय सपाट किनाऱ्यावर सखल घळी आधी भरतात, म्हणजे परतीची वाटच प्रथम पाण्याखाली जाते.

आणखी एक गोष्ट. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत आहे. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. तुमचे एक पाऊल चुकले, तर अनेक वर्षांची वाढ मोडते. म्हणून वाळूवरूनच चाला. काहीही उचलू नका, उलटे करून पाहू नका.

तुमचे गाव समुद्रकाठी असेल, तर पंधरा दिवस रोज भरतीची वेळ टिपा आणि पाऊणपटीशी ताडून पाहा. तीस तिथींत भरती चोवीस तास मागे पडते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. मग पंधराव्या तिथीला हिशेब किती मिनिटांनी चुकेल? उत्तर तुम्हीच काढा!