गळक्या धाब्याचा कायदा

नंदुरबार, शहादा, नवापूर आणि तळोदा या चार नगरपरिषदांत किंवा धडगावच्या नगरपंचायतीत घराची देखभाल कोणी, किती आणि केव्हा करावी, हे एका जागी सांगणारी नियमावली शोधू गेल्यास ती सापडत नाही. अमेरिकेतील कित्येक शहरांत अंगणातल्या गवताच्या उंचीपर्यंत सारे ठरवून देणारी स्वतंत्र देखभाल-संहिता असते. महाराष्ट्रात मात्र हाच विषय १९६५ चा नगरपरिषद अधिनियम, १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी अशा निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेला आहे, आणि या प्रत्येक दप्तराला घराची वेगळीच बाजू दिसते.

घरपट्टीला दिसते ते घराचे भाडेमूल्य. भाडेमूल्यावर आधारलेल्या आकारणीत ‘करयोग्य मूल्य’ म्हणजे, घर भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवीपणे जे मिळू शकेल, त्यातून दहा टक्के वजा जाता उरणारी रक्कम होय; आणि ही वजावट दुरुस्तीसह सर्व खर्चांपोटी सरसकट दिली जाते. मालक दुरुस्ती करणार, हे कायद्याने असे आधीच गृहीत धरले आहे. ती खरोखर झाली का, हे मात्र कराचे दप्तर विचारत नाही.

नगररचनेच्या कायद्याचा प्रश्न याहून निराळा असतो, तो म्हणजे परवानगीचा. घराच्या केवळ आतल्या भागापुरती असलेली किंवा त्याच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक न पाडणारी देखभाल आणि सुधारणा कलम ४३ मध्ये विकास परवानगीतून वगळलेली आहे, त्यामुळे चुना-रंग, गिलावा, फरशी अशा कामांसाठी नगरपरिषदेचा उंबरा झिजवावा लागत नाही. खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांबाबत, म्हणजे लाकडी खांब-तुळयांवर मातीचे सपाट छत पेलणाऱ्या घरांबाबत, ही सीमारेषा विशेष महत्त्वाची ठरते; कारण पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकणे ही देखभाल झाली, पण तेच धाबे उतरवून स्लॅब घालणे आणि वर एक मजला चढवणे हा ‘विकास’ झाला, आणि त्यासाठी डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो.

भाडेकरू असलेल्या घरात खरी गुंतागुंत सुरू होते. भाडे नियंत्रण अधिनियम जिथे लागू आहे तिथे, कलम १४ नुसार जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर असते. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. कागदावर हा हक्क भक्कम दिसतो, परंतु कोणत्याही एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असता कामा नये, अशी अट त्याला जोडलेली आहे. दरमहा २०० रुपये भाडे धरल्यास वर्षाचे २४०० आणि त्यातले ६०० रुपये दुरुस्तीला मिळतात, ज्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही जेमतेम भागेल. जुन्या पेठांतली घरे मालकाच्या हट्टाने पडतात की भाडेकरूच्या, हा वाद त्यामुळे बराचसा निरर्थक आहे. इतक्या भाड्यात दुरुस्तीचा खर्च दोघांपैकी कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

घर पडण्याच्या बेताला आले की नगरपरिषद अधिनियमाचे कलम १९५ पुढे येते. त्यानुसार मालकाला किंवा भोगवटादाराला, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याला, इमारत सुरक्षित करण्याची, दुरुस्त करण्याची किंवा पाडण्याची नोटीस देता येते. अशा इमारतींची प्रतवारीही ठरलेली आहे: सी-१ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटिशीतली ही खूण न पाहताच घाबरून घर सोडणारे भाडेकरू असतात, तसेच ती न दाखवताच घर सोडवून घेणारे मालकही असतात. वास्तविक, इमारत पाडली गेली तरी केवळ तेवढ्याने भाडेपट्टा संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खिमजी प्रकरणात दिलेला आहे.

सदनिकांच्या बाबतीत चित्र त्यामानाने स्वच्छ आहे: आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी जमा करावयाचा असतो. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी तिचे संरचनात्मक परीक्षण करून घ्यावयाचे असते.

जुन्या एकत्र कुटुंबांच्या घरांत मात्र नोटीस कोणाच्या नावे काढायची इथूनच अडचण सुरू होते, कारण सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर अनेकदा दिवंगत आजोबांचे नाव कायम असते आणि घरपट्टीच्या उताऱ्यावर प्रत्यक्ष राहणाऱ्या एखाद्या पुतण्याचे. ही दोन दप्तरे स्वतंत्र आहेत. एकातली वारस नोंद दुसऱ्यात आपोआप उतरत नाही, आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावाही नव्हे. चार भावांच्या सामाईक भिंतीला तडा गेला, तर दुरुस्तीचा खर्च वाटून घेण्याआधी चौघांची नावे मिळकत पत्रिकेवर चढवून घेतलेली बरी, आणि हे काम नगरपरिषदेत नव्हे, तर भूमी अभिलेख कार्यालयात होते.