मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई हिवाळ्यात मुलाकडे लंडनला निघाल्या होत्या. तिकिटावर मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी १ आणि लंडनला पोचण्याची सायंकाळी ५.३०. परतीच्या तिकिटावर सकाळी १० आणि मध्यरात्रीनंतर १२.३०. बाईंनी बोटांवर हिशेब केला : जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा! "जाताना उतार आणि येताना चढ आहे काय हो?" असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही हसलो खरे, पण प्रश्न अगदीच वेडा नव्हता. चढ आहे, फक्त तो जाताना आहे.

तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत तेथील लोक घड्याळ एक तास पुढे सारतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा होतो. म्हणून जातानाच्या हिशेबात हा फरक मिळवायचा आणि येतानाच्या हिशेबातून वजा करायचा. बाईंचा जाण्याचा प्रवास भरला दहा तासांचा, येण्याचा नऊ तासांचा. ठराविक तासांनी औषध घेणाऱ्याच्या बाबतीत ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्याने डॉक्टरांना प्रवासाचे खरे तास सांगून गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्या.

उरला एक तास. त्याचे कारण वारा. समशीतोष्ण पट्ट्यावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांना विशेष जोर असतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर आणि समोरचा वारा सरासरी ५० किलोमीटर धरला, तर जमिनीवरचे अंतर ८५० च्या वेगाने कापले जाते. परतताना तेच ९५० होतात. ७,२०० किलोमीटरला पहिल्या वेगाने सुमारे साडेआठ तास लागतात, दुसऱ्याने सुमारे साडेसात. धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी, चढणे-उतरणे आणि वाटेतले वळसे यांचा वेळ वेगळा.

हे ७,२०० किलोमीटर कोठून आले? भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून नव्हे. मर्केटरने १५६९ साली काढला त्या पद्धतीच्या नकाशावर मुंबई-लंडन सरळ रेघ ओढली तर ती बगदादच्या जवळून जाते, आणि त्या वाटेने सुमारे ७,४०० किलोमीटर भरतात. आता घरातला पृथ्वीचा गोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि अर्ध्या वाटेवर जॉर्जियातील तिबिलिसीजवळ येतो. नकाशावर वाकडी दिसणारी ही वाटच सर्वांत जवळची.

पण विमानाला दोऱ्याची वाट नेहमी मिळतेच असे नाही. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. पुढे जेट विमाने आली, मधले थांबे गेले. राजकारण मात्र राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू होताच युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. दिल्ली-लंडन अंतर तेवढेच होते. तिकिटावरचे तास वाढले.