तुरुंगात आलेला ऋग्वेद

रत्नागिरीत मी घरच्या घरी जर्मन शिकवतो. मी स्वतः ती पुस्तकांवरूनच शिकलो. नामांची लिंगे घोकून मुले कंटाळली, की मी त्यांना आमच्या टिळक आळीकडे वळवतो.

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांचा 'ओरायन' १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. नक्षत्रांच्या उल्लेखांवरून त्यांनी वेदकाळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांपर्यंत मागे नेला. बॉनचे हेर्मान याकोबीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला आले होते. ऑक्सफर्डमध्ये स्थायिक झालेले जर्मन पंडित मॅक्समुल्लर मात्र ऋग्वेद इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपासचा मानत.

१८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा मत न पटलेल्या मॅक्समुल्लर यांनी त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही केली आणि आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती तुरुंगात पाठवली. पुढे १९०३ मध्ये 'आर्क्टिक होम इन द वेदाज' प्रसिद्ध झाला. त्यात बोस्टनच्या विल्यम वॉरन यांच्या उत्तर ध्रुवावरील ग्रंथाचाही आधार घेतलेला आहे. रत्नागिरी, जर्मनी आणि अमेरिका अशी एका ग्रंथात भेटली. नंतर मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी जर्मनचा अभ्यास केला.

ध्रुवाचा तो सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. पाठवलेल्या पुस्तकाचे मोल त्याने कमी होत नाही. माझ्या मुलांपैकी काही जण नोकरीसाठी जर्मनीला जातील. व्याकरण मी शिकवीनच. पण ज्याचे म्हणणे पटत नाही, त्यालाही आपले पुस्तक द्यावे, एवढे त्यांनी सोबत न्यावे.