वसायला आलेले आणि मोजायला आलेले

युरोपीय लोकांच्या स्थलांतराचा विषय निघाला की मराठी वाचकाला अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया आठवते, कारण तेथे गोऱ्या लोकांच्या वसाहती इतक्या दाट झाल्या की मूळ रहिवासी आपल्याच भूमीत अल्पसंख्य ठरले. पश्चिम भारतात असे कधी घडले नाही. येथे आलेल्या युरोपियनांची संख्या स्थानिक लोकसंख्येच्या मानाने नगण्यच राहिली, तरीही गोवा, वसई, चौल आणि मुंबई येथील सोळाव्या-सतराव्या शतकांतील समाज त्यांच्या येण्याने मुळापासून बदलला आणि पुढे एकोणिसाव्या शतकात सणसरसारख्या इंदापूर तालुक्यातील गावांची शेतीही त्यांच्यातील मूठभर अधिकाऱ्यांनी नव्या चौकटीत बसवली. या दोन्ही बदलांची जात मात्र अगदी निराळी होती, आणि तिचे मूळ आलेल्यांच्या संख्येपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत शोधावे लागते: आलेला माणूस येथे घर मांडायला आला होता की नोकरीची वर्षे भरून परत जायला.

पोर्तुगीजांची जहाजे लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघत, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मोसमी वाऱ्यांच्या आधाराने साधारण सहा महिन्यांनी गोव्याला पोहोचत, आणि वाटेत रोगराई, उपासमार व वादळे यांनी अनेकांचा बळी घेतलेला असे. अशा प्रवासाला निघणारे बहुतेक सर्व पुरुष होते: शिपाई, खलाशी, व्यापारी, धर्मगुरू, आणि वडिलोपार्जित इस्टेटीत वाटा न मिळालेले सरदारघराण्यांतील धाकटे मुलगे. स्त्रिया फारच थोड्या येत. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगालच्या राजाने अनाथ मुलींना हुंडा म्हणून सरकारी पद किंवा जमिनीचे उत्पन्न देण्याचे आश्वासन देऊन गोव्याला पाठवण्याची प्रथा सुरू केली, परंतु त्यांची संख्या एवढी अल्प होती की वसाहतीतील घरे त्यांच्यावर उभी राहणे शक्यच नव्हते.

ही घरे कशी उभी राहावीत याचा विचार अफोंसो द आल्बुकेर्कने आरंभीच केला होता. आदिलशाहीकडून 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा कायमचा जिंकल्यावर त्याने आपल्या माणसांना स्थानिक स्त्रियांशी, विशेषतः पराभूत मुसलमान घराण्यांतील स्त्रियांना बाप्तिस्मा देऊन त्यांच्याशी, विवाह करण्यास उत्तेजन दिले आणि अशा जोडप्यांना घर, जमीन व पैसा पुरवला. विवाह करून वस्ती केलेल्या या पुरुषांना ‘कासादो’ म्हणत. अविवाहित शिपायाला पगाराशिवाय आधार नसे. कासादोला मात्र व्यापाराच्या सवलती मिळत, नगरसभेत म्हणजे शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळात स्थान मिळे, आणि शहरावर हल्ला झाल्यास तो आपल्या घरादारासाठी लढेल असा सरकारचा हिशोब असे. या धोरणाचे वर्णन पुष्कळदा वंशभेद न मानणारे उदार धोरण म्हणून केले जाते, पण ज्यांच्यावर ते उभे होते त्या स्त्रियांपैकी अनेक युद्धात हाती लागलेल्या होत्या आणि त्यांना विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, ही गोष्ट त्या कौतुकात हरवू देता कामा नये.

शिवाय मिश्रविवाहांमुळे भेद संपलेही नाहीत, उलट त्यांची नवी उतरंड तयार झाली. पोर्तुगालमध्ये जन्मलेला तो ‘रेइनोल’, पोर्तुगीज आईबापांच्या पोटी पण भारतात जन्मलेला तो ‘कास्तिसो’, आणि मिश्र विवाहातून झालेला तो ‘मेस्तिसो’, असे दर्जे मानले जात आणि मोठी पदे शक्यतो रेइनोलांनाच मिळत. पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात राहिलेल्या कुटुंबांना नुकत्याच जहाजातून उतरलेल्या माणसापुढे दुय्यम ठरावे लागे, आणि ही कुरबुर वसाहतीच्या अखेरपर्यंत मिटली नाही. दुसरीकडे, बाटलेल्या स्थानिक लोकांनी आपल्या जाती सोबत आणल्या; ख्रिस्ती झालेल्या गोव्यात बामण, चारडो आणि सुदीर हे भेद लग्नसंबंधांत टिकून राहिले. या सर्वांच्या खाली गुलाम होते, ज्यांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने होते.

घराच्या आतले जीवन कसे होते याचे बारीक वर्णन यान हाउखन व्हान लिन्सखोतन या डच गृहस्थाने करून ठेवले आहे. तो 1583 पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता आणि त्याचा ग्रंथ 1596 मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरून जाणारा सरदार गुलामाच्या हातातील छत्रीखाली संथ पावले टाकत स्वतःच्या प्रतिष्ठेचे प्रदर्शन करी, पण त्याच सरदाराच्या घरात स्त्रिया सुती पातळ कपड्यांत वावरत, विडा खात आणि भात हाताने कालवून जेवत, असे तो सांगतो. बाहेरचे जग पुरुषांनी पोर्तुगीज ठेवले, तर घराच्या आतील जग स्त्रियांनी आणि दासींनी बव्हंशी देशी ठेवले, आणि मुले या दोहोंच्या मध्ये वाढली. आरंभीच्या वसाहतीच्या संस्कृतीचा गाभा या घरांत घडला असे म्हणण्यास मोठा आधार आहे.

स्वयंपाकघरात तर ही देवघेव आजही दिसते. पाव फुगवण्यासाठी युरोपात वापरतात तसे खमीर येथे मिळत नसल्यामुळे माडाची सूर वापरली गेली आणि गोव्यात पाव भाजणाऱ्या ‘पोदेरां’चा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. मांस दारूच्या शिरक्यात व लसणीत मुरवण्याची पोर्तुगीज पद्धत माडाच्या शिरक्याशी आणि मिरचीशी जोडली जाऊन विंदालू तयार झाला. मिरची स्वतःही याच वाटेने आली. अमेरिकेतील मिरची, मका, तंबाखू, काजू, अननस, पपई, पेरू ही पिके पोर्तुगीजांच्या सागरी मार्गांनी येथे पोहोचली, आणि कलमे बांधून आंब्याच्या निवडक जाती जोपासण्याचे काम गोव्यात झाल्यामुळेच हापूस आज एका पोर्तुगीज नावाने ओळखला जातो. पोर्तुगीज ज्या मुलखात कधी वसले नाहीत, त्या नीरा-भीमेच्या खोऱ्यातही मका, पेरू आणि मिरची इतकी रुजली की ती परकी पिके आहेत हे शेतकऱ्याला मुद्दाम सांगावे लागते.

स्थलांतरित माणूस येथल्या भाषेत किती खोल उतरू शकतो याचे सर्वांत मोठे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे आहे. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील हा जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये लिस्बनहून निघून त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत परत गेला नाही. चाळीस वर्षे साष्टी भागातील खेड्यांत राहून त्याने कोकणी व मराठी आत्मसात केल्या आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, जे 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. एकनाथ महाराजांचे निर्वाण 1599 चे; म्हणजे ज्या काळात पैठणला ‘एकनाथी भागवता’चा कर्ता हयात होता, त्याच काळात एक इंग्रज मनुष्य साष्टीत ओवीचा कान तयार करीत होता. तुकोबांची पालखी मुक्कामाला येते त्या सणसरमधील वारकऱ्यालाही या ग्रंथाच्या ओव्या ऐकल्यास छंद परका वाटणार नाही, इतकी त्यांची चाल मराठी संतपरंपरेची आहे. बाटलेल्या लोकांना पुराणश्रवणाची सवय होती आणि ती पोकळी भरून काढावी हा स्टीफन्सचा हेतू होता, हे खरे. परंतु केवळ हेतूने अकरा हजार ओव्या होत नाहीत, त्यासाठी भाषेवर प्रेम जडावे लागते, आणि मराठीची त्याने केलेली स्तुती त्या प्रेमाची साक्ष देते.

याच गोव्यात दुसरी बाजूही तितकीच खरी होती. गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 मध्ये भारतात आला, त्याने येथील वैद्यांकडून व हकिमांकडून माहिती घेऊन औषधी वनस्पतींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला, आणि मुंबई बेटाचा तो काही काळ खंड भरणारा धारकही होता. त्याचे घराणे ज्यूधर्मातून सक्तीने ख्रिस्ती झालेले होते. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय म्हणजे इन्क्विझिशन आल्यावर अशा घराण्यांवर संशयाची धाड पडली. ओर्ताच्या मृत्यूनंतर 1569 मध्ये त्याच्या बहिणीला जाळण्यात आले आणि 1580 मध्ये त्याची हाडे उकरून जाळली गेली. त्याच दशकांत देवळे पाडली गेल्यामुळे मंगेश, शांतादुर्गा आदी देवता भक्तांनी त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या फोंडा भागात हलवल्या आणि असंख्य कुटुंबे किनाऱ्याने दक्षिणेकडे निघून गेली. एका स्थलांतराने दुसरे स्थलांतर घडवले.

उत्तरेकडे वसईचा प्रदेश गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने पोर्तुगीजांना दिला होता. तेथे गावेच्या गावे सरदारांना आणि कासादोंना ठराविक सारा व लष्करी चाकरी यांच्या बदल्यात दिली गेली, आणि वसईच्या कोटात राहून गावांच्या उत्पन्नावर जगणारा जमीनदारवर्ग निर्माण झाला. त्यांच्या जमिनीच्या ‘फोरो’ या साऱ्याचे नाव मुंबईतील फोरास रोडला आजवर चिकटलेले आहे. चिमाजी आप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतल्यावर हा वर्ग निघून गेला, पण ख्रिस्ती झालेले शेतकरी, कोळी व कारागीर येथेच राहिले. मराठीच्याच बोली बोलणाऱ्या या समाजाने 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. याहून नवलाची गोष्ट रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावाची आहे. चौलची पोर्तुगीज सत्ता 1740 मध्ये संपली, तरी किल्ल्याच्या पायथ्याशी माउंट कार्मेल चर्चभोवती राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज शब्द आणि मराठी वाक्यरचना यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. तिचे बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. सत्ता गेली, लिस्बनशी संबंध तुटला, शाळा मराठी झाली, तरी आईच्या तोंडून आलेली बोली टिकली.

इंग्रजांचा मार्ग आरंभापासून वेगळा राहिला. 1668 मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आल्यावर तेथे इंग्रज स्त्रिया पाठवण्याचा प्रयोग झाला, कारण शिपायांनी तेथील पोर्तुगीज कॅथलिक स्त्रियांशी विवाह केल्यास मुले कॅथलिक होतील अशी भीती होती. परंतु हवामान, रोग आणि अपुऱ्या वेतनामुळे इंग्रजांची स्थायिक वस्ती रुजली नाही आणि मुंबईची भरभराट पारशी, गुजराती, कोळी, भंडारी यांच्या कष्टांवर झाली. पुढे तर कंपनीने आपल्या परवान्याशिवाय युरोपियनाला देशात राहू देण्यासच मनाई केली आणि हे निर्बंध 1833 च्या सनदी कायद्याने उठले. तोवर इंग्रज अधिकाऱ्याची रीत ठरून गेली होती: छावणीत राहायचे, उन्हाळ्यात महाबळेश्वर गाठायचे, मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचे आणि पेन्शन घेऊन परतायचे.

अशा परतणाऱ्या माणसांनी इंदापूर तालुक्यात जे केले ते कासादोंच्या कामापेक्षा कमी दूरगामी नव्हते. पेशवाई 1818 मध्ये बुडाल्यावर दख्खनच्या जमिनीची पाहणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे सोपवली गेली. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर त्याने 55 टक्के सारा ठरवला. कागदावर हे शास्त्रशुद्ध दिसे, पण मोजणी व अंदाज चुकीचे निघाले, कारकुनांनी लाच घेऊन आकडे फिरवले आणि अवर्षणप्रवण इंदापुरात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. 1835 मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट विंगेट हा लष्करी इंजिनिअर यांनी त्याच तालुक्यात फेरतपासणी सुरू केली आणि उत्पन्नाचे सिद्धांत बाजूला ठेवून मातीची खोली व पोत पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले, प्रत्येकाची प्रत आण्यांत ठरवली आणि सारा तीस वर्षांसाठी कायम केला. पुढे संपूर्ण मुंबई इलाख्यात हीच पद्धत लागू झाली.

तिचे अवशेष प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहेत. तेहेतीस फुटांच्या साखळीने मोजलेला एक चौरस म्हणजे 1,089 चौरस फुटांचा गुंठा, अशा चाळीस गुंठ्यांचा एकर, हद्दीला रोवलेले दगड आणि प्रत्येक शेताला दिलेला सर्व्हे नंबर: सातबाऱ्यावरची ही सारी भाषा त्याच मोजणीतून आली. वंशपरंपरेने कसणारा मिरासदार आणि बाहेरून आलेला उपरी यांच्यातील जुना भेद तिने जवळजवळ पुसून टाकला, कारण सरकारला सारा भरणारा एकच खातेदार हवा होता. गावाशी गावकीने बांधलेली जमीन आता विकता, गहाण टाकता आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकमाने काढून घेता येणारी मालमत्ता झाली. गोव्यात आलेल्या परक्याला गावकरी ही सामुदायिक जमीनव्यवस्था समजून घेऊन 1526 मध्ये तिचे नियम लिहून काढावेच लागले होते, कारण त्याला त्याच गावांत पिढ्या काढायच्या होत्या. इंदापुरात तंबू ठोकून मोजणी करणाऱ्याला अशी गरज भासली नाही, आणि त्याच्या प्रामाणिक मेहनतीतही ही उणीव राहून गेली.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर 1867 मध्ये पहिली फेरआकारणी पुन्हा इंदापुरातच झाली आणि सारा बराच वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव तोवर उतरले होते. शेतकरी सावकाराकडे गेला, सावकार खत घेऊन न्यायालयात गेला आणि न्यायालयाने कागदावर अंगठा आहे एवढे पाहून निकाल दिले. 12 मे 1875 रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरांवर गेला आणि कर्जाची खते व वह्या हिसकावून त्यांची होळी केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत त्याचे लोण पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला पहिल्यांदाच खताच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती आणि व्याज किती हे तपासण्याचा अधिकार मिळाला.