अडेलतट्टू की दुखणाईत?

हट्टी माणसाला आपण अडेलतट्टू म्हणतो. खऱ्या तट्टाचे अडणे मात्र पुष्कळदा दुखण्यामुळे असते. वैजापुरात लग्नसराईत वरातीची घोडी अडली की चाबूक उगारण्याआधी तिचे तोंड आणि पाठ आठवावी.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे चघळताना वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड झिजत नाही; ती धारदार होऊन गाल आणि जीभ सोलते. त्यात लगाम ओढला की जनावर मान ताठ करते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना वयासाठी पुढचे दात सगळेच पाहतात, दाढा क्वचितच कोणी. खोगिराची जागा बोटांनी दाबल्यावर घोडा पाठ खचवत असेल, कान मागे टाकत असेल, तर पशुवैद्यकाला बोलवावे. स्वतः तोंडात हात घालू नये.

दुखणे नसेल, तर मग शिकवणी. घोडा लगाम ओढल्याने शिकत नाही, सैल सुटल्याने शिकतो. त्याने पाऊल टाकले त्याच क्षणी हात ढिला हवा. नंतर चारलेल्या गुळाचा संबंध त्याला लागत नाही.

अंग मोकळे करायला गाजर पुरते. थोडे चालवून, गाजर दाखवत मान बरगडीकडे, मग पुढच्या पायांमध्ये आणावी आणि काही सेकंद तशीच ठेवावी. दोन्ही बाजूंनी, ओढून नव्हे. तीन महिने असे केलेल्या घोड्यांत मणक्यालगतचे खोल स्नायू जाड झालेले सोनोग्राफीत दिसले आहेत. कंबरदुखीच्या माणसांतही हेच स्नायू रोडावतात.

लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. घोडेवाल्याने साधे खरचटलेलेही साबणाने धुवावे, लस चुकवू नये. घोड्यालाही ती लागते.