मागणें नसलेलें स्तोत्र

प्रार्थना म्हटली कीं तींत मागणें आलेंच, अशी आपली समजूत असते. मुलास यश यावें, दुखण्यास उतार पडावा, निदान मनास शांति लाभावी. परंतु ख्रिस्ती समाजाच्या अत्यंत आवडीचें एक इंग्रजी स्तोत्र असें आहे, कीं त्यांत देवाजवळ कांहींच मागितलेलें नाहीं. ‘होली, होली, होली’ हें तें स्तोत्र. तें ऐकतांना अन्यधर्मीयाचेंही मस्तक लवतें. तें कां, हें आज पाहूं.

त्याचे कर्ते रेजिनाल्ड हेबर. इंग्लंडांत हॉडनेट या गांवीं धर्मगुरु असतांना, त्रैक्याच्या रविवारच्या उपासनेसाठीं त्यांनीं तें रचलें. १८२३ सालीं ते कलकत्त्याचे बिशप झाले. १८२५ सालीं ते मुंबईस आले, तेव्हां घारापुरी व कार्ले येथील लेणीं त्यांनीं पाहिलीं. ३ एप्रिल १८२६ रोजीं त्रिचनापल्लीस त्यांचें अकालीं निधन झालें. स्तोत्र छापून निघालें तें त्याच वर्षीं.

स्तोत्राचें मूळ बायबलांत आहे. यशया संदेष्ट्यास देवाचें सिंहासन दिसतें. सभोंवार सहा पंखांचे सराफीम. दोन पंखांनीं ते मुख झांकतात, दोहोंनीं पाय झांकतात, दोहोंनीं उडतात, आणि ‘पवित्र’ हा एकच शब्द त्रिवार उच्चारतात. हिब्रू भाषेंत पुनरुक्तीनें अर्थास जोर येतो. त्रिवार उच्चार ही त्याची पराकाष्ठा. ख्रिस्ती भाविकांस त्यांत पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचाही निर्देश वाटतो. हें दृश्य पाहून यशयास प्रथम आनंद होत नाहीं; स्वतःच्या मलिनतेची जाणीव होते. हेबर यांनीं ही जाणीव राखली आहे. मात्र सामर्थ्याचा उल्लेख करितांना त्यांनीं दयेलाही त्याच्या शेजारीं बसविलें आहे. सामर्थ्य आपणांस दूर थांबवितें, दया जवळ बोलावते. या दोहोंमध्यें उभें राहणें म्हणजेच भक्तियुक्त विस्मय.

चालही तशीच. ती जॉन बॅकस डाइक्स यांनीं १८६१ सालीं दिली. आरंभींच्या तीन शब्दांचे स्वर सा-सा, ग-ग, प-प असे आहेत. जणूं एकेक पायरी चढावी. मग चाल धैवतावर थबकते व पुन्हां गंधारावर उतरते. ताना नाहींत, घाई नाहीं. बेताच्या गळ्याच्या माणसासही सर्वांसंगें गातां येतें.

माझ्या पत्नीच्या अखेरच्या दुखण्यांत मीं देवाजवळ पुष्कळ मागितलें. ती गेल्यावर मागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, आणि देव्हाऱ्यापुढें हात जोडले तरी शब्द सुचेना. अशा एका रविवारीं रस्त्यानें जातांना चर्चमधून ही चाल कानीं आली. मी ख्रिस्ती नव्हें. तरी फाटकापाशीं शेवटपर्यंत उभा राहिलों. मागणें संपलें म्हणून उपासना संपत नाहीं. किंबहुना ती तेथूनच सुरू होते, एवढें मला त्या दिवशीं उमगलें. घरीं येऊन मीं समई लावली, आणि कांहींही न मागतां नमस्कार केला.